जंताच्या अंड्यात आयुष्य पाहणारा माणूस : थिओडोर बोव्हेरी



शाळेत जंतनाशक गोळ्या वाटण्याचा दिवस आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. मुलं रांगेत उभी असतात, कुणी गोळी चघळतं, कुणी तोंड वाकडं करतं, आणि मागच्या बाकावरचा एखादा हमखास विचारतो की सर, जंत दिसतो कसा? आपण दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळे होतो. विषयच किळसवाणा, त्यावर फार बोलायचं कशाला?

आज मात्र तुम्हाला अशा एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, ज्याने उमेदीची बरीच वर्षं जंताच्याच अंड्यांकडे पाहण्यात घालवली. तुमच्या-माझ्या शरीराबद्दलच्या एका मोठ्या प्रश्नाचा धागा त्याला त्या अंड्यांत सापडला. प्रश्न साधाच आहे, आणि जीवशास्त्राच्या तासाला एखादं चौकस मूल तो विचारतंच. शरीरातल्या सगळ्या पेशी एकाच फलित अंड्यापासून झाल्या, सगळ्यांत तीच गुणसूत्रं आहेत, मग डोळ्याची पेशी डोळ्याची आणि यकृताची पेशी यकृताची का होते?

या प्रश्नाच्या मागे लागलेले ते शास्त्रज्ञ म्हणजे थिओडोर बोव्हेरी.

जन्म आणि शिक्षण

थिओडोर बोव्हेरी यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ रोजी जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात, बाम्बेर्ग या गावी झाला. वडील डॉक्टर होते. चार भावांपैकी हे दुसरे. धाकट्या भावाचं नाव वॉल्टर. हा वॉल्टर पुढे इंजिनिअर झाला आणि १८९१ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये भागीदारीत विजेच्या यंत्रांची कंपनी काढली. विजेच्या पेट्यांवर, मोटारींवर एबीबी ही अक्षरं तुम्ही पाहिली असतील. त्यातला शेवटचा बी म्हणजे बोव्हेरी. एका भावाचं नाव असं कारखान्यांतून जगभर पोचलं, आणि दुसऱ्याचं नाव जीवशास्त्राच्या पुस्तकांत राहिलं.

थिओडोर यांचं शालेय शिक्षण न्यूरेम्बर्गला झालं. १८८१ मध्ये ते म्युनिक विद्यापीठात दाखल झाले. गंमत अशी की सुरुवातीला त्यांनी इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय धरले होते. थोड्याच काळात मन निसर्गविज्ञानाकडे ओढलं गेलं आणि ते शरीररचनाशास्त्राकडे वळले. दहावी-बारावीनंतर मुलाने शाखा बदलली की आपल्या घरांत केवढं वादळ होतं! इथे त्या बदलामुळेच पुढचं सगळं घडलं.

१८८५ मध्ये त्यांनी मज्जातंतूंच्या अभ्यासावर डॉक्टरेट मिळवली. लगेच त्यांना अनेक वर्षं चालेल अशी एक शिष्यवृत्ती मिळाली आणि पोटापाण्याची चिंता न करता संशोधन करता आलं. ते रिचर्ड हर्टविग या प्राणिशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत आले आणि तिथे त्यांची गाठ पडली घोड्याच्या आतड्यातल्या जंताशी.

जंतच का?

आता तुम्ही विचाराल, एवढे प्राणी सोडून जंतच का?

कारण जंत सोयीचा होता. घोड्याच्या आतड्यात राहणारा हा गोलकृमी आपल्या पोटातल्या मोठ्या गोल जंताचा चुलतभाऊच. कत्तलखान्यातून तो सहज मिळायचा. एका मादीच्या पोटात अंडी अक्षरशः ढिगाने असायची. अंडं पारदर्शक, वाढ संथ, त्यामुळे एका विभाजनाकडून दुसऱ्याकडे जाताना काय होतं ते सावकाश बघता येतं. आणि सगळ्यांत मोठी सोय म्हणजे गुणसूत्रांची संख्या. माणसात ४६ गुणसूत्रं असतात, या जंताच्या एका प्रकारात फक्त ४ आणि दुसऱ्या प्रकारात तर अवघी २! गर्दीच नाही, तर कोण कुठे गेलं हे मोजायला कितीसा वेळ लागणार?

याच जंतावर काम करून बेल्जियमचे एदुआर व्हान बेनेडेन यांनी १८८३ मध्ये दाखवलं होतं की फलनाच्या वेळी अंड्याकडून आणि शुक्राणूकडून सारख्याच संख्येने गुणसूत्रं येतात. बोव्हेरींनी तिथून पुढचा प्रश्न उचलला.

पेशीचं विभाजन संपलं की गुणसूत्रं दिसेनाशी होतात. केंद्रकात नुसतं जाळं दिसतं. पुढच्या विभाजनाच्या वेळी ती पुन्हा प्रकट होतात. मग ही जुनीच गुणसूत्रं आहेत, की जुनी विरघळून दर वेळी नवी तयार होतात? त्या काळी अनेक शास्त्रज्ञांना दुसरी गोष्ट खरी वाटत होती.

बोव्हेरींनी काय केलं, बघा. या जंताची गुणसूत्रं लांब असतात. विभाजन संपून नवं केंद्रक तयार होतं, तेव्हा गुणसूत्रांच्या टोकांमुळे केंद्रकाला हाताच्या बोटांसारखे फुगवटे येतात. त्यांनी या फुगवट्यांच्या जागा टिपून ठेवल्या. पुढच्या विभाजनाची तयारी सुरू झाली आणि गुणसूत्रं पुन्हा दिसू लागली, तेव्हा त्यांची टोकं नेमकी त्याच फुगवट्यांत सापडली. एका पेशीपासून झालेल्या दोन बहिणी-पेशींत ही मांडणी एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारखी होती. म्हणजे मधल्या काळात गुणसूत्रं नाहीशी झालेली नव्हती. ती आपापल्या जागी होती, फक्त आपल्याला दिसत नव्हती.

तासाला हजेरी घेताना मुलं बाकावर असतात, सुट्टीत मैदानावर पांगतात आणि घंटा झाली की पुन्हा आपापल्या बाकावर येतात. सुट्टीत वर्ग रिकामा दिसला म्हणून दुसरी मुलं जन्माला आली असं आपण म्हणत नाही ना? तसंच हे.

पेशीविभाजनाच्या वेळी दोन टोकांना जे बारीक ठिपके दिसतात, त्या तारककायाला १८८८ मध्ये सेंट्रोसोम हे नाव दिलं तेही बोव्हेरींनीच. जंताच्या अंड्यात तारककाय शुक्राणूबरोबर येतं आणि त्याच्यामुळे विभाजनाला सुरुवात होते, हेही त्यांनी दाखवलं.

फेकून दिलेली टोकं

आता येतो या गोष्टीचा गाभा.

१८८७ मध्ये बोव्हेरींना त्या अंड्यांत एक विचित्र प्रकार दिसला. फलित अंड्याचे दोन भाग झाले. दोन्ही पेशींत गुणसूत्रं पूर्ण. पुढच्या विभाजनाची वेळ आली तेव्हा एका पेशीने नेहमीप्रमाणे गुणसूत्रं विभागली. दुसरीत मात्र गुणसूत्रांचा मधला भाग बारीक बारीक तुकड्यांत मोडला, आणि दोन्हीकडची जाड टोकं तुटून पडली. मधले तुकडे नव्या पेशींत गेले. टोकं तशीच बाहेर पेशीद्रव्यात राहिली आणि हळूहळू विरून गेली.

वंशाचा ठेवा, आणि पेशीने तो चक्क टाकून दिला!

पुढे पाहावं तर हाच प्रकार पुन्हा. ज्या पेशीने गुणसूत्रं पूर्ण ठेवली होती तिच्या दोन लेकींपैकी एकीने ती राखली, दुसरीच्या वंशात टोकं गळाली. असं एकामागून एक चार वेळा झालं. शेवटी उरली एकच पेशी, जिच्यात सगळी गुणसूत्रं जशीच्या तशी होती. ही पेशी कोणती? जिच्यापासून पुढे जंताची अंडी किंवा शुक्राणू तयार होतात, ती! बाकी सगळ्या पेशी, म्हणजे कातडी, स्नायू, आतडं, मज्जातंतू, या टोकं गमावलेल्या पेशींपासून झाल्या.

बोव्हेरींनी या पेशींना क्रमाने नावं दिली, पी-१, पी-२, पी-३, पी-४. प्रत्येक पेशीची आई कोण आणि लेकी कोण, अशी वंशावळच त्यांनी मांडली. ही नावं लक्षात ठेवा, ती आपल्याला शेवटी परत भेटणार आहेत.

पण हे ठरवतं कोण?

एका पेशीने सगळं राखायचं आणि दुसरीने टाकायचं, हे ठरतं कशावरून? गुणसूत्रांतच काही फरक असतो, की पेशी जिथे आहे तिथल्या पेशीद्रव्यात काही असतं?

उत्तर शोधायला बोव्हेरींनी निसर्गाच्या चुका वापरल्या. कधी कधी एका अंड्यात दोन शुक्राणू शिरतात. असं अंडं दोनाऐवजी एकदम चार भागांत फुटतं. गुणसूत्रं कशीही वाटली जातात, आणि अंड्यातलं पेशीद्रव्यही वेगळ्या तऱ्हेने वाटलं जातं. अशा अंड्यांत त्यांना दिसलं की कधी एक पेशी गुणसूत्रं पूर्ण राखते, कधी दोन, कधी तीन. कोणती पेशी राखणार हे तिला कोणती गुणसूत्रं मिळाली यावर ठरत नव्हतं. अंड्याच्या कोणत्या भागातलं पेशीद्रव्य तिच्या वाट्याला आलं, यावर ते ठरत होतं.

मग त्यांनी अंडी वेगाने फिरवून पाहिली. त्या जोराने अंड्यातलं द्रव्य सरकलं आणि काही अंड्यांचं पहिलंच विभाजन वेगळ्या दिशेने झालं. अंड्याचा जो भाग एरवी एकाच पेशीकडे जातो तो दोघींत वाटला गेला. अशा वेळी दोन्ही पेशींनी गुणसूत्रं पूर्ण राखली! हे काम १९१० मध्ये प्रसिद्ध झालं.

याचा अर्थ मोठा आहे. गुणसूत्रं तीच, पण त्यांचं पुढे काय होणार हे त्यांच्या भोवतालावर ठरतं. केंद्रक एकटं राज्य करत नाही, पेशीद्रव्य त्याला काही सांगतं, आणि ते ऐकतं.

पालकांशी बोलताना आपण किती सहज म्हणून जातो, की याच्या रक्तातच आहे, हा बापावर गेलाय, याला गणित येणारच नाही. जंताच्या पेशीवरून माणसाच्या मुलाबद्दल निष्कर्ष काढणं चुकीचंच, तसं मी करणार नाही. पण जिथे सगळं रक्तातच ठरलंय असं वाटावं, त्या अंड्याच्या पहिल्या दोन पेशींतसुद्धा कुठे आहोत याला किंमत असते, एवढं मात्र या प्रयोगाने दाखवलं.

नेपल्सचा समुद्रकिनारा

जंताच्या जोडीला बोव्हेरींचा दुसरा आवडता प्राणी होता समुद्री अर्चिन. अंगभर काटे असलेला, चेंडूएवढा हा प्राणी. त्यासाठी ते पुन्हा पुन्हा इटलीत नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात जात.

तिथे त्यांनी मुद्दाम एका अंड्यात दोन शुक्राणू जातील अशी व्यवस्था केली. अर्चिनच्या अंड्यात १८ आणि शुक्राणूत १८ गुणसूत्रं. दोन शुक्राणू आले की एकूण ५४. ती चार पेशींत वाटली जाणार, पण हिशेबाने नाही, नशिबाने. बोव्हेरींनी या चार पेशी वेगवेगळ्या केल्या आणि वाढू दिल्या. नीट वाढलेल्या अंड्याच्या चार पेशी अशा सुट्या केल्या तर चारही सारख्या वाढतात. इथे मात्र चौघींची तऱ्हा वेगळी. एक इथपर्यंत वाढली, दुसरी तिथेच थांबली, तिसरीत भलतंच काही दिसलं.

१९०२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. गुणसूत्रं किती आहेत एवढ्याने भागत नाही, प्रत्येक प्रकारचं गुणसूत्र हजर असावं लागतं, कारण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. त्याच सुमारास अमेरिकेत वॉल्टर सटन हा तरुण नाकतोड्याच्या पेशींवरून त्याच दिशेने पोचत होता. मेंडेलच्या वाटाण्यांचे नियम आणि गुणसूत्रांची चाल यांची सांगड इथे बसली. दहावीच्या पुढे मुलं शिकतात तो सटन-बोव्हेरी सिद्धांत तो हाच.

घर, आजार आणि जोडीदार

बोव्हेरींचं आयुष्य सरळ रेषेत गेलं असं समजू नका. १८९० च्या सुमारास त्यांची तब्येत ढासळली, मनाला उदासीनतेने घेरलं. त्यातून ते सावरले, पण प्रकृतीने पुढे आयुष्यभर त्यांना सतावलं. १८९३ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, ते वुर्झबर्ग विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. क्ष-किरणांचा शोध लावणारे राँटगेन त्याच विद्यापीठात त्यांचे सहकारी होते.

१८९६ मध्ये अमेरिकेतून मार्सेला ओग्रेडी नावाच्या प्राध्यापिका त्यांच्याकडे संशोधनासाठी आल्या. त्या काळी तिथे स्त्रियांना विद्यापीठात रीतसर प्रवेश नव्हता, खास परवानगी घ्यावी लागे. मार्सेला हुशार होत्या, अमेरिकेत त्यांनी मुलींच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं होतं. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. प्रयोगशाळेत मार्सेला बरोबरीने काम करत. अर्चिनवरच्या मोठ्या प्रयोगांतही त्यांचा हात होता. १९०० मध्ये त्यांना मुलगी झाली, मार्गरेट. ती पुढे जर्मनीतली नावाजलेली पत्रकार झाली.

बोव्हेरी उत्तम चित्रं काढत. आपल्या बारावीच्या मुलांच्या जर्नलमधल्या आकृत्या आठवा, एकमेकांच्या बघून उतरवलेल्या! सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हाताने काढताना काय दिसतं आणि काय आपल्याला दिसावंसं वाटतं यातला फरक कळतो. बोव्हेरींचं कितीतरी काम या डोळ्याच्या आणि हाताच्या शिस्तीवर उभं आहे.

स्वतःची चूक शोधणारा शास्त्रज्ञ

मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत भावलेली गोष्ट आता सांगतो.

१८८९ मध्ये, ऐन उमेदीत, त्यांनी एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला होता. अर्चिनची अंडी जोराने हलवून फोडायची, ज्या तुकड्यात केंद्रक नाही तो घ्यायचा, आणि दुसऱ्या जातीच्या अर्चिनच्या शुक्राणूने त्याचं फलन करायचं. त्यातून वाढलेला जीव बापाच्या जातीसारखा दिसतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे आनुवंशिकता केंद्रकातच आहे! निष्कर्ष सोपा, आकर्षक आणि सगळ्यांना पटणारा. त्यांचं नाव झालं.

पण पुढे त्यांनाच शंका येऊ लागली. त्या तुकड्यात खरंच केंद्रकाचा अंशही नव्हता का? त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला, अनेकदा केला. अखेरच्या काळातही ते त्याच कामावर होते. त्यांचा शेवटचा लेख त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये छापला गेला. त्याचा विषय काय होता माहिती आहे? आपल्याच त्या प्रयोगात चुका कुठून शिरू शकतात, याचा शोध!

उत्तर चुकलं म्हणून वहीचं पान फाडणारी मुलं आपल्या वर्गात असतात. खरं सांगायचं तर आपणही फळ्यावर चुकलो की पटकन पुसून टाकतो, कुणी पाहिलं तर नाही ना असं बघतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं, टाळ्या मिळालेलं उत्तर स्वतःहून परत तपासायला बसणं किती अवघड असेल, याचा विचार करा.

शेवटची वर्षं

१९१२ च्या सुमारास बर्लिनजवळ जीवशास्त्राची एक मोठी संशोधन संस्था उभी राहात होती. तिचं संचालकपद बोव्हेरींना देऊ केलं गेलं. त्यांनी संस्थेची आखणी करण्यात, माणसं निवडण्यात खूप मदत केली. त्यांचे शिष्य हान्स श्पेमान यांनाही तिथे जागा मिळाली. या श्पेमान यांना पुढे १९३५ मध्ये नोबेल मिळालं. बोव्हेरींनी स्वतः मात्र १९१३ मध्ये नकार कळवला. तब्येत साथ देत नव्हती.

१९१४ मध्ये त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं, विषय कर्करोगाच्या गाठींचा उगम. ते स्वतः डॉक्टर नव्हते, गाठींवर त्यांनी काम केलेलं नव्हतं. पण अर्चिनच्या अंड्यांत गुणसूत्रांची चुकीची वाटणी झाली की पेशी कशा बिघडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी मांडलं की गाठीची सुरुवात एकाच पेशीपासून होत असावी, आणि त्या पेशीच्या गुणसूत्रांत बिघाड असावा. त्यावेळी फारशा कुणी ते मनावर घेतलं नाही. १९६० मध्ये रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात ठरावीक बदललेलं गुणसूत्र सापडलं आणि बोव्हेरींचं नाव पुन्हा घेतलं जाऊ लागलं.

१५ ऑक्टोबर १९१५ रोजी वुर्झबर्गला त्यांचं निधन झालं. महायुद्ध सुरू होतं. वय अवघं ५३. मार्सेला पुढे अमेरिकेत परतल्या, तिथे एका कॉलेजात त्यांनी जीवशास्त्राचा विभाग उभा केला, आणि १९२९ मध्ये नवऱ्याच्या त्या कर्करोगावरच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं.

आजचा जंत, आजचा प्रश्न

बोव्हेरींनंतर अर्ध्या शतकाने, १९६३ मध्ये, इंग्लंडमध्ये सिडनी ब्रेनर यांनी पुन्हा एका कृमीची निवड केली. हा पोटातला नव्हे, मातीत राहणारा, जेमतेम १ मिलिमीटर लांब. त्याचं नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स. पूर्ण वाढलेल्या उभयलिंगी कृमीत मोजून ९५९ शरीरपेशी, त्यांतल्या ३०२ चेतापेशी. १९८३ पर्यंत जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी अंड्यापासून प्रत्येक पेशीची वंशावळ लिहून काढली. त्या वंशावळीत पी-१ ते पी-४ ही नावं आजही आहेत. बोव्हेरींनी घोड्याच्या जंतात दिलेली तीच!

हा मातीतला कृमी मात्र गुणसूत्रांची टोकं फेकत नाही. त्याच्या सगळ्या पेशींत सगळी जनुकं असतात, आपल्यासारखीच. मग पेशी वेगळ्या कशा होतात? प्रत्येक पेशी त्यांतली काही जनुकं वाचते आणि बाकीची मिटून ठेवते. शाळेतल्या सगळ्या मुलांकडे पुस्तक तेच, पण या वर्गात आज तिसरा धडा उघडलाय, त्या वर्गात अकरावा. घोड्याच्या जंताच्या पेशी नको असलेली पानं फाडून टाकतात, एवढाच फरक.

आणि कोणत्या पेशीत कोणतं पान उघडलंय हे आज वाचता येतं. जनुक वाचलं गेलं की त्याची एक नक्कल तयार होते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. शास्त्रज्ञ हव्या त्या प्रकारच्या पेशींत चमकणारं हिरवं प्रथिन तयार करवतात. १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी ते याच कृमीत करून दाखवलं. मग कृमीच्या पेशी सुट्या करून चमकणाऱ्या तेवढ्या वेचून घेतात आणि त्यांतल्या नकला मोजतात. २०१७ मध्ये तर या कृमीच्या अळीतल्या सुमारे ५०,००० पेशी एकेक करून अशा वाचल्या गेल्या. स्नायूच्या पेशीत कोणती जनुकं चालू, आतड्याच्या पेशीत कोणती, चेतापेशीच्या एकेका प्रकारात कोणती, याच्या याद्या तयार झाल्या.

मग बोव्हेरींनी पाहिलेल्या त्या फेकलेल्या टोकांत काय होतं? २०१२ मध्ये डुकराच्या जंतावर, म्हणजे त्याच घराण्यातल्या जंतावर, हे तपासलं गेलं. त्याच्या शरीरपेशी जवळपास १३ टक्के डीएनए टाकून देतात आणि त्याबरोबर सुमारे ६८५ जनुकं जातात. त्यांतली बहुतेक जनुकं अंडी आणि शुक्राणू तयार करण्याच्या कामाची निघाली. स्नायूला, आतड्याला ती नकोच होती. सव्वाशे वर्षांनी उत्तर आलं.

वर्गात करून पाहा

मित्रांनो, शेवटी एक सोपा उपक्रम. चार रंगांचे मणी घ्या, प्रत्येक रंगाचे सहा. डोळे मिटून ते चार वाट्यांत सारखे वाटायला मुलांना सांगा. किती वाट्यांत चारही रंग आले ते मोजा. मग तेच मणी तीन वाट्यांत वाटा आणि पुन्हा मोजा. दहा वेळा करून तक्ता बनवा. चारही वाट्या पूर्ण भरल्या असं क्वचितच होईल, तीन वाट्यांत मात्र ते बऱ्याचदा जमेल. बोव्हेरींच्या अर्चिनचंही असंच झालं होतं. चार भागांत फुटलेल्या अंड्यांपेक्षा तीन भागांत फुटलेली अंडी जास्त वेळा नीट वाढली, आणि त्यावरूनच प्रत्येक गुणसूत्र वेगळं आहे हा त्यांचा विश्वास पक्का झाला. गणिताच्या सरांना बरोबर घ्या, संभाव्यतेचा धडाही त्यात होऊन जाईल.

आणि पुढच्या वेळी गोळ्या वाटताना मागच्या बाकावरून तो प्रश्न आला, की जंत दिसतो कसा, तर त्या मुलाला दोन वाक्यांत बसवू नका. थोडा वेळ काढून बोव्हेरींची गोष्ट सांगा.